दोन सूत

२ मार्च

आत्या,

साष्टांग दंडवत. तुझ्या पायाच्या प्लास्टरलाही.

घोटा कसा आहे? धाकटी आत्या तुला जागचं हलू देत नाही म्हणे. शाब्बास तिची! दुकानाची काळजी करू नकोस. रोज आठला शटर वर, की गाड्यांची चाकं सरळ लावायचं काम सुरू. तू जायच्या आधी भिंतीला चिकटवलेली सूचनांची यादी रोज वाचतो. ('उत्साह आवर' हे मात्र तीन वेळा लिहिलंयस, एकदा पुरलं असतं.) आल्या आल्या सगळं दुकान धुऊन काढलं. कोपऱ्यातलं भंगार, तुटके पाने, चाकांच्या थाळ्यांखालचा कचराबिचरा सगळा बाहेर. तू बघशील तर ओळखणार नाहीस. बाबा संध्याकाळी चहाला येतात, स्टुलावर बसतात आणि आपणच घातलेल्या फरशीकडे बघत बसतात. परवा म्हणाले, "एकोणीस वर्षं झाली, एक तडा नाही." मी म्हटलं, "हो बाबा, पाचशे वेळा ऐकलंय."

एक विचारायचं होतं. माझा एक मित्र आहे. तू ओळखत नाहीस. त्याने हौसेने गाडी बुटकी करून घेतली. जुन्या स्प्रिंगा काढून आखूड घातल्या, गाडी चार बोटं खाली बसली. दिसते एकदम झकास. पण महिना व्हायच्या आत पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड गुळगुळीत झाली, बाहेरची मात्र नवी कोरी. चाकं वरून आत झुकलीत. गाडी पाय फाकून उभी असल्यासारखी वाटते. शिवाय खड्ड्यात आदळली की मागच्या सीटवरची छत्री घरंगळत पुढे येते आणि दार उचलून धरल्याशिवाय लागत नाही, पण ते सोड. कॅम्बर आणि टो किती ठेवू? मित्र फार काळजीत आहे.

तुझा,
उपद्व्यापी


७ मार्च

उपद्व्याप्या,

अनेक आशीर्वाद, लागतील तुला.

फोन का करत नाही म्हणून रुसू नकोस. इथला फोन दिवाणखान्यात, आणि तुझ्या धाकट्या आत्याचे कान सगळ्या घरभर. शिवाय फोनवर तू नुसता 'हो हो' करतोस. कागद भिंतीला लावता येतो.

तुझ्या मित्राला माझ्यातर्फे आधी एक टपली मार. गाडी खाली बसली की चाक वरून आत झुकणारच, त्यात नवल ते काय! आणि हा झुकाव, म्हणजे कॅम्बर, बदलला की टोही हलतो, चाकांची तोंडं आत-बाहेर वळतात. टायर नुसत्या झुकण्याने एवढा झिजत नाही. टो बिघडलेला असतो आणि तो जाता जाता रबर खरवडत जातो. असो.

आता नीट वाच. नव्या स्प्रिंगांवर लगेच मोजायचं नाही, गाडी फिरली असली तरी आणखी दोनशे किलोमीटर फिरवून त्या बसू द्यायच्या. चारही टायरांत हवा सारखी. टाकी अर्धी. गाडी थाळ्यांवर घेतली की बॉनेटवर दोन्ही हातांनी दाबून तीनदा हलवायची. आधी मागची चाकं, मग पुढची. आधी कॅम्बर, टो सगळ्यात शेवटी. मूळ बोल्टांत तेवढी जागा मिळणार नाही, म्हणून वरचा बोल्ट काढून मध्ये पोट असलेला कॅम्बरचा बोल्ट घाल. तो फिरवला की चाक उभं होतं. पार सरळ करू नकोस, किंचित आत राहू दे, दोन्हीकडे सारखं.

आणि हे सर्वांत महत्त्वाचं. माप घेताना माणसांचं वजन गाडीत हवं. मित्राचं वजन किती? तुझ्याएवढंच असेल, तेव्हा बहात्तर किलो वाळू ड्रायव्हरच्या सीटवर. शेजारच्या सीटवर अठ्ठ्याऐंशी किलो. अशा मित्राला एखादी जाडजूड आत्या असणारच, आणि ती एक ना एक दिवस त्या गाडीत बसणारच.

वाळू स्वतः उचल. शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाताशी धरू नकोस.

आत्या


१६ मार्च

आत्या,

कंबर धरलीय. एकशे साठ किलो वाळू! मित्र आभारी आहे.

सगळं तू सांगितलंस तसं केलं. दोनशे दहा किलोमीटर फिरवली, म्हणजे मित्राने फिरवली. पोटाचे बोल्ट घातले. बुडबुड्याचं मापक चाकाला लावलं. बुडबुडा दोन्हीकडे अगदी त्याच रेघेवर आणला, केसभर इकडेतिकडे नाही. टो दोरी ताणून दोनदा तपासला. गाडी रस्त्यावर घेतली आणि स्टिअरिंग सोडलं, तर गाडी आपली डावीकडे निघाली. लाडात आल्यासारखी. परत आणली, परत मोजली, सगळं बरोबर. परत बाहेर काढली, परत डावीकडे!

मित्राने बुटकी केली म्हणून असेल का ग असं? आतून काही वाकलं असेल?

आणखी एक, पण घाबरू नकोस. ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर आले होते. गेल्या आठवड्यात त्यांची गाडी मीच लावून दिली होती. त्यांचे तीन शिकाऊ एकाच दिवशी परीक्षेत नापास झाले, सरळ रेघेत गाडी चालवता आली नाही म्हणून. तिघेही डावीकडची पांढरी रेघ ओलांडून गेले. चौथी बाई नेमकी घाबरट, तिने स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की ती एकटी पास झाली. मास्तर म्हणाले, "तुझ्या आत्याच्या हातची गाडी डोळे मिटून जायची. आता मला त्या चौकापलीकडच्या, लेझरने चाकं लावणाऱ्याकडे जावं लागेल असं दिसतंय." आणि पावाची गाडी चालवणारेही हळूच म्हणून गेले की पाव सगळे एका बाजूला गोळा होतात.

योगायोग असेल ना?

उपद्व्यापी


२० मार्च

उपद्व्याप्या,

योगायोग म्हणे!

एक गाडी ओढत असेल तर गाडीला शिव्या घालाव्यात. तीन गाड्या एकाच बाजूला ओढत असतील तर दुकानात बघावं. त्यातली एकच बुटकी आहे, बाकी दोघींनी काय पाप केलंय? मला लगेच उलट टपालाने कळव: पुढच्या उजव्या थाळीखाली काय आहे? अंदाजाने नको, पोटावर झोपून बघ.

आणि आता मित्राबद्दल. मागच्या सीटवरची छत्री माझी आहे. दार उचलून लावायला लागतं तेही माझंच, कारण ते मीच बारा वर्षांपूर्वी खांबावर घातलं होतं. माझी निळी गाडी बुटकी केलीस, होय रे? प्लास्टर पायाला आहे, डोक्याला नाही. पहिल्या पत्राची घडी उलगडली आणि छत्रीपाशी आले तिथेच मला कळलं. वाळू मुद्दाम उचलायला लावली. अठ्ठ्याऐंशी किलो हा आकडाही खोटा आहे. खरा तुला कधीच कळणार नाही.

मी तुला म्हटलं होतं ना, तीन महिने दुकान नीट सांभाळलंस तर पाटीवर माझ्या खाली तुझं नाव घालू? सध्या रंगाच्या डब्याचं झाकण बंद आहे.

आत्या


२४ मार्च

आत्या,

कान पकडले. हे पत्र मी कान पकडूनच लिहितोय असं समज, म्हणजे डाव्या हाताने एक कान.

हो, गाडी तुझीच. तू गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी केली. वाटलं होतं, तू येशील, बघशील आणि खूश होशील. खरं तर तेही नाही. मला चार लोकांत मिरवायचं होतं. जुन्या स्प्रिंगा नीट पुसून, कागदात गुंडाळून माझ्या पलंगाखाली ठेवल्यात. उद्याच बसवतो. टायर मात्र गेले ते गेले. आतल्या कडेला हात फिरवला की लाज वाटते.

उजव्या थाळीखाली पोटावर झोपून बघितलं. काही नाही, स्वच्छ फरशी. आधी होता तिथे एक लादीचा तुकडा, चौकोनी, वीतभर. मला वाटलं फरशी घालताना उरलेला असेल, कुणीतरी सरकवून ठेवला असेल. धुताना काढून मागच्या ढिगावर फेकला. चुकलं का काही?

आत्या, लेझरवाल्याने चौकात फळा लावलाय, 'डावीकडे ओढणाऱ्या गाड्यांसाठी खास सोय'. मास्तरांनी अजून तिकडे पाऊल टाकलेलं नाही, पण फळा वाचताना मी त्यांना बघितलं. तू परत येईस्तोवर दुकानात गिऱ्हाईक राहील की नाही, याचीच मला धास्ती वाटते. पाटीचं सोड. तुझी पाटी तरी राहू दे.

उपद्व्यापी


२७ मार्च

अरे माझ्या कर्मा!

हे पत्र वाचून झालं की फाड. बारीक तुकडे कर. तुझ्या बाबांना यातलं अक्षर कळता कामा नये, तुला माझी शपथ आहे.

मी दुकान काढायचं ठरवलं तेव्हा घरात कुणी धड बोलत नव्हतं. बाईमाणूस गाड्यांखाली काय झोपणार, म्हणून सगळे हसत होते. दादा हसला नाही. थापी आणि ओळंबा घेऊन आला आणि दोन दिवस, दोन रात्री एकट्याने फरशी घातली. अंगात ताप होता त्याच्या, मला नंतर कळलं. शेवटची लादी ठोकली आणि म्हणाला, "धाकटे, यावर पाणी ओत, ते विचारेल कुठे जाऊ म्हणून." मला रडूच आलं तेव्हा.

दुसऱ्या दिवशी पहिली गाडी थाळ्यांवर घेतली. फरशी पुढच्या उजव्या बाजूला दोन सूत खाली होती. म्हणजे पाव इंच. तुम्हाआम्हाला चालताना कळणार नाही, पण बुडबुड्याला कळतं. गाडी उजवीकडे कलते, बुडबुडा खोटं बोलतो, आपण त्याचं ऐकून चाकं वाकडी लावतो आणि गाडी बाहेर जाऊन डावीकडे पळते. मी कुणाला बोलले नाही. उरलेल्या लाद्यांतला बरोबर दोन सुतांचा तुकडा निवडला आणि थाळीखाली सरकवला. झालं काम. एकोणीस वर्षं मी जगाला सांगत आलेय, माझ्या भावाने घातलेली फरशी आहे, बोट दाखवायला जागा नाही. आणि ती लादी तरी काय लादी! एवढ्या गाड्या वर चढल्या, कोपऱ्याचा टवका उडाला नाही. तसा माल आता मिळत नाही, आणि तू तो ढिगावर फेकलास!

आता ऐक. दोन सूत जाडीचा तुकडा शोध आणि होता तिथे ठेव. एवढ्या दिवसांत लावलेली एकूण एक गाडी परत बोलाव आणि नीट करून दे. फरशीचं नाव काढायचं नाही. आणि दादापासून लपव. तो आता सत्तरीला टेकला. त्या स्टुलावर बसून तो काय बघतो ते मला माहीत आहे. तेवढं त्याच्याकडून काढून घेऊ नकोस.

आत्या


८ एप्रिल

आत्या,

विजय! पण आधी फजिती वाच.

ढिगावर तुझ्या लादीचा फक्त चुरा मिळाला, वरून खडीचा ट्रक गेला होता. दोन सुतांचा तुकडा गावभर शोधला. आता सगळ्या लाद्या एक तर जाड, नाही तर पापडासारख्या. पत्र्याच्या घड्या घालून ठेवल्या, पहिल्याच गाडीने चेपल्या. मग आईची भाजी चिरायची फळी पळवली. ती जरा जाड होती. मास्तर गाडी घेऊन गेले आणि दहा मिनिटांत परत आले. म्हणाले, "आता उजवीकडे जाते. प्रगती आहे." वर आई दोन दिवस फळी शोधत होती. शेवटी ताटावर भाजी चिरली आणि माझ्याकडे असं काही बघितलं की बास.

नाइलाजाने एकदा बाबांनाच आडून विचारलं, "बाबा, दोन सुताची लादी कुठे मिळते हो?" त्यांनी चहाचा घोट घेतला. "कशाला हवी?" मी म्हटलं, "घरी टेबलाचा पाय हलतो." ते म्हणाले, "आपल्या घरात टेबल कुठलं?" मी विषय बदलला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करतो तर काय! तुझी लादी थाळीच्या बाजूला भिंतीला टेकून उभी. अख्खी! ढिगातला चुरा दुसऱ्याच कशाचा तरी असणार. खडीवाल्यांनी उचलून आत टाकली असेल, शटरच्या खालच्या फटीतून. पुसलेलीही होती. नशीब बघ माझं! सरकवली, बुडबुडा लावला, दोन सूत म्हणजे दोन सूत.

तेवीस गाड्या परत बोलावल्या. सगळ्या नीट केल्या. मास्तर आले तेव्हा दुकानात चार माणसं होती. ते मोठ्याने म्हणाले, "अरे, चूक कशाची होती ते तरी कळू दे. तुझ्या यंत्राची की या जागेची?" मी म्हटलं, "माझ्या हाताची, मास्तर. हात नवा आहे. जागेत काही खोट नाही." बाबा तिथेच स्टुलावर होते, त्यांना काही म्हणजे काही कळलं नाही. बशी पुसत बसले होते.

मास्तरांचे तिघेही काल पास झाले. निळी गाडी पहिल्यासारखी उंच उभी आहे. तुझ्या खऱ्या वजनाची वाट बघतेय.

उपद्व्यापी


१० एप्रिल

धाकटे,

मला पत्र लिहायची सवय नाही. अक्षर तिरकं गेलं तर समजून घे, ओळंबा लावून लिहीत नाही.

पोरगं चार-पाच दिवस गावभर दोन सुताची लादी शोधत फिरत होतं. दोन सूत म्हटल्यावर मला कळलं, थाळीखालचा तुकडा गेला. मी एक कापली आणि ठेवून आलो.

मला कधीपासून ठाऊक आहे ते विचारशील. तू दुकान उघडलंस त्याच्या तिसऱ्या दिवसापासून. ताप उतरल्यावर मनात पाल चुकचुकली, म्हणून पाणसळ घेऊन आलो. तू जेवायला गेली होतीस. पाणसळ ठेवली, उजवीकडे दोन सूत खाली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. रविवारी सगळी फरशी फोडून परत घालायची ठरवली. मग वाकून बघितलं तर तुझा तुकडा आधीच आत. आणि तू घरी येऊन आईला सांगत होतीस, दादाने काय फरशी घातलीय! मी फोडली असती तर तुला कळलं असतं की मला कळलंय. मग राहू दिली.

आणि बाई, लादी एकोणीस वर्षं टिकते असं तुला वाटलंच कसं? अग, गाड्या चढतात तिच्यावर. तीन-चार वर्षांत भुगा होतो. तू बाजारात गेलीस की मी बदलत आलो. मागे पेन्सिलीने आकडा घालून ठेवतो, म्हणजे माझं मला कळतं. ही सहावी. चौथ्या लादीच्या वेळी तू एका लादीच्या दुकानदाराला ऐकवत होतीस, जुन्या मालाची सर नाही म्हणून. मी मागे उभा होतो. हसू आवरायला मला बाहेर जावं लागलं.

आता खरं सांगतो. या वेळी लादी ठेवून उठताना मला भिंत धरावी लागली. गुडघे वाकत नाहीत. म्हणून ती थाळीखाली सरकवली नाही, बाजूलाच उभी केली. सातवी माझ्याच्याने व्हायची नाही.

परवा मास्तरांनी चार लोकांत विचारलं, चूक कशाची. पोरगं म्हणालं, माझ्या हाताची, जागेत खोट नाही. माझी फरशी, आणि त्याने अंगावर घेतलं. मी बशी पुसत बसलो, दुसरं काय करणार.

त्याला वाटतंय मला काही माहीत नाही. वाटू दे.

दादा


१५ एप्रिल

उपद्व्याप्या,

प्लास्टर निघालं. मंगळवारी येतेय. स्टेशनवर निळी गाडी घेऊन ये. शेजारच्या सीटवर वाळू नको, मी आहे.

तुझी तेवीस गाड्यांची कथा वाचली. 'उत्साह आवर' भिंतीवरून दोनदा खोड, एकदा राहू दे. येताना पाटीवाल्याकडे जा आणि माझ्या नावाखाली तुझं लिहायला सांग. अक्षरं सारख्या उंचीची हवीत, माझी मोठी आणि तुझी बारीक असला प्रकार नको.

आणि एक. ती लादी खडीवाल्यांनी टाकलेली नाही. एकदा थाळी उचल आणि लादी उलटी करून बघ. मागे पेन्सिलीने सहाचा आकडा दिसेल. तुझे बाबा दुकानात असतील तेव्हा बघू नकोस. पाच कधी झाल्या ते मलाही परवापर्यंत माहीत नव्हतं. एकोणीस वर्षं मी त्याच्यापासून लपवत होते आणि तो माझ्यापासून. दोन दिवस झाले, मी इथे एकटीच हसते आणि एकटीच डोळे पुसते. तुझ्या धाकट्या आत्याला वाटतंय पाय दुखतोय.

कापायची करवत बाबांच्या पिशवीत असते. ते झोपले की घे, परत तिथेच ठेव. सातवी तू कापायचीस. त्यांना कळू द्यायची नाही, आणि मलाही नाही.

आत्या